गॉन्गूझलरचा पहिला दाखला

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, शब्दकोश कार्यालयातील निवृत्त साहाय्यक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. रागही शाबूत आहे. त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. राहते घर, भांडीकुंडी व बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने माझी कटकट जन्मभर सोसली.

२. माझे भिंग कार्यालयाची पुस्तके बांधणाऱ्या बाईंडरला द्यायचे होते. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे, म्हणून आजच त्यांच्या हातात दिले.

३. मुख्य संपादक, म्हणजे आमचे साहेब, यांना काहीही देऊ नये. माझी अकरा वर्षे त्यांनी आधीच घेतली आहेत. 'गॉन्गूझलर', म्हणजे कालव्याच्या काठी उभा राहून होड्या बघत बसणारा रिकामटेकडा. हा इंग्रजी शब्द आला कुठून, ते मी शोधत होते. होडीवाल्यांची पत्रे, जुन्या पुस्तिका, काही सोडले नाही. शब्द कुठे, कोणत्या साली छापलेला सापडला, त्या प्रत्येक दाखल्याची चिठ्ठी करून कोपऱ्यात सही करायची, ही आमची रीत. साहेबांनी 'स्वच्छ प्रत हवी' म्हणत चिठ्ठ्या टाइप करवल्या, सह्या गेल्या. लेख त्यांच्या नावाने छापला. शिपायाचेसुद्धा आभार, माझे नाव तळटीपेतही नाही. जाब विचारला तर म्हणाले, "अहो बाई, चिठ्ठ्या काय, कुणीही लिहितं." आयत्या बिळावर नागोबा!

४. वर्षभराने, ज्यातून मी शब्दाचा पहिला दाखला घेतला होता तो जुना ग्रंथ बाईंडरने दुरुस्तीला उसवला. "बाई, ही दोन पुस्तकं आहेत हो. शिवण बघा, वेगळी आहे." एका पुठ्ठ्यात दोन पुस्तिका होत्या आणि पहिलीचे साल मी दुसरीतल्या शब्दाला लावले होते. शब्द चाळीस वर्षांनी जुना ठरला, तो माझ्या चुकीने! मी गप्प बसले. म्हटले, मिरवा माझी चूक डोक्यावर घेऊन. एकोणीस वर्षे मजा बघितली, आणि तेवढी वर्षे लोक खोटे साल उतरवून घेत राहिले. राग साहेबांवर होता, फसले वाचणारे. याची मला लाज वाटते.

५. कोशाची नवी आवृत्ती तेच खोटे साल घेऊन पुढच्या आठवड्यात छपाईला जाते. माझ्यामागे दुरुस्तीची चिठ्ठी बहिणीने कार्यालयात द्यावी, असे लिहिणार होते. ती म्हणाली, "ताई, तू मेल्यावर कोण ऐकणार? म्हातारीला भ्रम झाला होता म्हणतील." खरे आहे. हे कलम रद्द. उद्या कार्यालय उघडताच मी स्वतः जाते आणि साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत सांगते: चूक माझी आहे, कारण काम माझे होते.

सही केली, ती या दोघांनी पाहिली:
बाईंडर (सही)
डॉक्टर (सही)
मृत्युपत्र करणारी (सही)
स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: नऊ, गुरुवार