तात्यांना दिलेला फोटो

रविवार, बारामती

आज एका प्रसिद्ध अंध संगीतकारांच्या सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. ते नुकतेच वारले, म्हणून आमच्या मंडळानं ठेवलेला. पेटीवर लोणी भापकर गावचे तात्या. तेही जन्मांध. खरं तर त्यांनीच कार्यक्रम तारला.

शेवटी सत्कार. शाल, श्रीफळ आणि प्रत्येक कलाकाराला संगीतकारांचा फ्रेम केलेला फोटो. ऑर्डर मीच दिलेली. ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातात आपण फोटो ठेवतोय, हे माझ्या डोक्यात आलंच कसं नाही? तात्या काचेवरून बोटं फिरवत राहिले. "काय हाय ह्यात?"

मी सांगितलं. समोर कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांना मात्र राग नाही. उलट चेहरा खुलला. "त्यांचा फोटू? मग हसत्यात का हो त्यात?"

फ्रेम तात्यांकडे वळलेली, मला नुसती पाठच दिसत होती. फ्रेमांचं खोकं मीच दुकानातून उचलून आणलं होतं, पण फोटो नीट पाहिलाच नव्हता. म्हणालो, "हो तात्या, छान हसतायत."

"मग दाराम्होरंच लावतो. येईल त्याला म्हणंन, बगा कसं हसत्यात!"

घरी आल्यावर उरलेली एक फ्रेम काढून बघितली. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. हसू कुठेच नाही. काचेवरची तात्यांची ती बोटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

उद्या तात्यांच्या दारात जो पहिला येईल, तो त्यांना काय सांगेल? खरं सांगितलं तर माझी लाज जाईल, जाऊ दे. पण तोही माझ्यासारखाच 'हो' म्हणाला तर?