झालेलं काम, लागलेला खर्च

८ जानेवारी

खर्चाचा आकडा ०.७४. वेळेचा ०.६८. पुन्हा मोजून पाहिलं, तेच आलं.

म्हणजे शंभर रुपये खर्चले तर चौऱ्याहत्तर रुपयांचंच काम उभं राहिलं. आणि आजपर्यंत शंभर खांब व्हायला हवे होते तिथे अडुसष्ट झाले. एक आला की सगळं ठरल्याप्रमाणे. एकच्या खाली गेलं की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

उद्या बैठक. हॉस्पिटलची नवी इमारत — खांब आणि स्लॅबचं सगळं काम दादाच्या हाताखाली. काम दादाचं, मोजणी माझी. सख्ख्या भावाचं माप घ्यायला बहिणीला बसवू नये असा काहीतरी नियम हवा होता.

९ जानेवारी

वाईट झालं.

भिंतीवर माझा आलेख. तीन रेघा — ठरलेलं काम, झालेलं काम, लागलेला खर्च. खर्चाची रेघ वर निघालेली, झालेल्या कामाची खाली लोळतेय. मोठे साहेब उठून भिंतीपाशी गेले, दोन रेघांच्या मध्ये हात ठेवला. "ही फट दिसते? या फटीत आपली कंपनी जाणार."

मग दादाकडे वळले. "तुम्हाला माणसं हाकता येत नसतील तर सांगा. बकऱ्या हाकणारा आणतो."

मागे दादाचे सगळे मुकादम उभे होते. त्याला मास्तर म्हणणारी माणसं. त्यांच्यादेखत. दादाने टोपी हातात घेतलेली, तिची कड नुसती फिरवत होता.

बाहेर आल्यावर मी त्याच्या मागे गेले. एवढंच म्हणाला, "आकडा बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

नेहमी मला ठमे म्हणतो. आज नाही म्हणाला.

१० जानेवारी

आईला समजावून सांगत होते. म्हटलं, समज तू स्वेटर विणतेस. आजपर्यंत दोन्ही बाह्या व्हायला हव्या होत्या. झाली दीड. आणि लोकर संपली अडीच बाह्यांची. मी फक्त हे सांगते.

आई म्हणाली, "आणि विणणारीची बोटं दुखत होती का, ते कोण सांगतं?"

तो माझ्या खात्याचा विषय नाही, म्हटलं. हसलो दोघी. आता लिहिताना हसू येत नाहीये.

२४ जानेवारी

या आठवड्याचा वेळेचा आकडा ०.८१. खर्चाचा ०.८५. चढतोय!

७ फेब्रुवारी

०.९५ आणि ०.९८. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बघा, चाबूक दाखवला की घोडा पळतो." मला हसावं लागलं. स्वतःची लाज वाटली, पण आकडा बघून बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

दादाचं तोंड उतरलंय. डोळे खोल गेलेत. जेवायला घरी ये म्हटलं तर, "काम आहे." तो आणि वहिनी आवारातल्याच खोल्यांत राहतात, माणसंही मागच्या शेडमध्ये. मी आपली सकाळी कामाचा भोंगा होतो तेव्हा बसमधून उतरते आणि संध्याकाळी बसने परत. तिथलं राहणं-खाणं मला कुठे दिसतं.

१४ फेब्रुवारी

वेळेचा १.०४. खर्चाचा १.११.

साहेबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवलेत. मला मात्र दिवसभर कसंतरी होतंय. वेळेचा आकडा वाढला तर समजू शकते — जास्त माणसं लावली, जास्त तास लावले. पण मग मजुरीचा खर्च वाढतो. इथे तो वाढलाच नाही. हजेरी काढून बघितली. तीच माणसं, तेच तास, जादा मजुरी शून्य. सिमेंट, सळ्या — कामाच्या मानाने बरोबर.

तेवढ्याच हातांनी तेवढ्याच तासांत जानेवारीच्या दीडपट काम कसं होतं?

एकच उत्तर सुचतंय आणि ते मला नकोय.

१५ फेब्रुवारी

साइटवर गेले. खांब बाहेरून गुळगुळीत, सुंदर. पण काँक्रीट ओतलं की ते यंत्राने हलवून हलवून बसवावं लागतं. त्याला वेळ लागतो. घाई केली की आत पोकळ्या राहतात. वरून आरसा, आत चाळणी. ओतल्यावर कुणाच्या बापाला कळत नाही.

हे मला दादानेच शिकवलंय. कॉलेजात नाही.

तो तिसऱ्या मजल्यावर होता. म्हटलं, "दादा, हे कसं जमतंय?"

"काय कसं?"

"हजेरीत तेवढेच तास आहेत."

"मग तेवढेच असतील."

"काही गाळताय का? काँक्रीट बसवायचं वगैरे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही, दादा. आकडा जुळत नाहीये."

"मग आकडा सांगतो ते लिही." आणि सळ्या बांधणाऱ्या माणसांकडे निघून गेला.

नाही म्हणाला असता तर? एकदा फक्त "नाही" म्हणाला असता!

१७ फेब्रुवारी

जेवण जात नाही. त्या खांबांवर खाटा लागणार आहेत. खाटांवर माणसं. उद्या काही झालं तर मी काय सांगणार — भाऊ होता म्हणून गप्प बसले?

१८ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाजूने तपासायला येणारे इंजिनियर आहेत, आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. त्यांना सगळं सांगितलं. आकडे दाखवले. दादाचं नाव घेतलं नाही, पण नाव न घेऊन काय उपयोग? काम कुणाचं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही योग्य केलंत."

मी आकड्यांचे कागद गोळा केले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

२० फेब्रुवारी

काम बंद. खांबांना भोकं पाडून नमुने काढणार.

२२ फेब्रुवारी

साहेबांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवलं. साहेबांचा मुद्दा एकच — "एवढ्या वेगाने कसं केलंत ते सांगा. नाहीतर घरी बसा."

दादा म्हणाला, "काम पक्कं आहे. फोडून बघा."

"ते बघूच. कसं केलंत?"

"केलं."

"कुणाला वाचवताय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू भावाच्या पोटातलं बहिणीने ओढून काढावं. मी खाली बघत बसले. दादाने खिशातून आवाराच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर हळूच ठेवल्या. आवाजही होऊ दिला नाही.

माणसांना कंपनीने दुसऱ्या साइटवर हलवलं. ट्रकमध्ये चढताना एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

२३ फेब्रुवारी

आईने विचारलं, "तू आधी त्याला विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं."

"कसं विचारलंस?"

उठून भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

६ मार्च

खांबांना भोकं पाडताहेत. तो आवाज ऑफिसात दिवसभर येतो. दात काढताना डोक्यात येतो तसा.

१२ मार्च

दादाला दूरच्या गावी काम मिळालंय. कुठल्याशा गोदामावर देखरेखीचं. खांब-स्लॅब नाही, बांधकाम नाही. गोदाम. वहिनी सामान आवरून माहेरी गेली. आईला भेटून गेला तो, मी ऑफिसात असताना. मुद्दाम ती वेळ साधली असणार. आई म्हणाली, "तुझ्याबद्दल वाईट नाही बोलला." मी विचारलं, चांगलं काही बोलला का? आईने विषय बदलला.

२५ मार्च

निकाल आला.

सगळे नमुने पास. एकही पोकळी नाही. एकही! चष्मेवाल्यांनी कापलेला तुकडा माझ्या हातात दिला — गार, जड, दगडासारखा घट्ट. "इतकं मन लावून केलेलं काम कमी बघायला मिळतं," म्हणाले. मग जरा थांबून, "तुमची शंका रास्त होती हो. वाईट वाटून घेऊ नका."

दादाला फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला — सगळं पक्कं निघालं. मी चुकले. तू सांगितलं का नाहीस?

निरोप पोचल्याची खूण आली. उत्तर नाही.

पण मग कसं? तेच हात, तेच तास, एकही गाठ न गाळता दीडपट काम? आकडा अजूनही जुळत नाही.

२७ मार्च

मोठे साहेब मात्र हवेत. "म्हणजे तो वेग खराच होता! होऊ शकतं म्हणजे. आतापर्यंत लोक आपल्याला फसवत होते." पुढची सगळी कामं याच दराने, म्हणजे माणशी रोज एवढं काम, धरा, म्हणाले. या इमारतीचे वरचे मजले, नव्या दोन साइट, सगळीकडे. तेवढीच माणसं, तेवढेच तास, तेवढीच मजुरी. तो दर न गाठणाऱ्या मुकादमाला घरचा रस्ता.

"दादाला परत बोलवायचं का?" मी विचारलं.

"जो कसं केलं ते सांगत नाही, तो मला कशाला? मला दर मिळाला, पुरे."

नवं वेळापत्रक मलाच करायचंय.

२९ मार्च

करून दिलं. साहेबांनी सही केली. तिन्ही साइटवर गेलं.

३१ मार्च

वहिनीचा फोन. तिचा आवाज कोरडा होता. "वन्सं, हे सांगणार नाहीत, मीच सांगते. भोंग्याच्या आधी चार तास उठून कामाला लागायची सगळी माणसं. फुकट. साहेब मास्तरांना चारचौघांत बोलले ते त्यांना सोसलं नाही म्हणून. आकडा वर येईपर्यंत, एवढंच ठरलं होतं. हे म्हणाले, कुणाला कळू द्यायचं नाही, ठमेला तर नाहीच. तिने एकदा लिहिलं की कायमचा तोच दर होईल, आणि ही माणसं मरतील."