नऊ फेब्रुवारीची चौकट

प्रिय मंजुताई,

सप्रेम जयभीम.

लेखकांच्या दिनदर्शिकेची छपाईआधीची पानं मिळाली. फेब्रुवारीत नऊ तारखेच्या चौकटीत तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय, 'कवी प्रेमानंद यांचा पहिला स्मृतिदिन', आणि मला विचारलंय की नुसतं 'कवी' ठेवू की 'वऱ्हाडी कवी' करू. मी पान घेऊन बसते, वाचते, परत टीव्हीवर ठेवून देते. घरातलं काही अडत नाही म्हणा. डबा वेळेवर होतो, पाणी भरून होतं, सासूबाई बेबीताईंच्या गोळ्याही चुकत नाहीत. गावातल्या बाया म्हणतात, समता सावरली. दातांचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपलाच असतो पण हात लावला तरी कळत नाही, तसं माझं चाललंय. त्याला सावरणं म्हणत असतील तर म्हणोत.

दरवर्षी या दिवसांत तुम्ही बहीणभाऊ संग्रामपूरला तुमच्या बैठकीत कागद पसरून बसायचे. कोणाची जयंती, कोणाचा स्मृतिदिन, कोणतं पुस्तक कधी आलं, यावर असं भांडायचे की शेजाऱ्यांना वाटावं शेताचा बांध कोरला. जिवंत लेखक घ्यायचा नाही हा तुमचा नियम. एकच कवितासंग्रह नावावर असलेला तुमचा भाऊ मुद्दाम तुमच्यासमोर म्हणायचा, "ताई, तुह्या कॅलेंडरात जागा भेटाले मरा लागते काय वं?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायच्या, "आंधी दुसरं पुस्तक काढ, मंग पाहू." मी चहा घेऊन यायची आणि तुम्हा दोघांना हसायची. ते आठवलं की आता हसूही येत नाही आणि रडूही. नुसतं आठवतं.

इथे धामणगावात वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष तेच लिहायचे, हे तुम्हाला माहीतच आहे. शाळेत जाण्याआधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, मग वळणदार अक्षरात त्या दिवसाचे लेखक. समोरचे चहावाले उकंडराव रोज विचारायचे, "आज कोनाचा नंबर हाय सर?" ते गेल्यावर उकंडरावांनी कितीतरी दिवस त्यांनी लिहिलेला फळा कोणाला पुसू दिला नाही. शेवटी होळीच्या रंगात पोरांनी तो खराब केला. मी तेव्हा बाजारात चालले होते. पाहिलं आणि भाजी घेऊन घरी आले.

तुमचं तारखांचं वेड मी भोगलेलं आहे. एका लेखिकेची जयंती एका दिवसानं चुकली म्हणून तुम्ही सगळ्या प्रतींवर हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि मलाही डिंकाची वाटी देऊन बसवलं होतं. म्हणून यांची जयंती तुम्ही का घेतली नाही तेही कळलं. एक जून ही तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. यांच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच. बेबीताई तर म्हणतात, "कापूस येचाच्या दिसात झाला तो," म्हणजे एक जून कशी खरी असेल? खरी तारीख एकच, नऊ फेब्रुवारी. तुमच्या हिशोबानं बरोबर आहे.

त्या दिवशीचं मी कोणाशी बोलले नाही. तुम्ही आलात तेव्हा अंगणात माणसंच माणसं होती. पण स्वयंपाकघरातलं केकचं खोकं तुम्हीच शेजारच्या विमलबाईंकडे पाठवून दिलं होतं. तुम्हाला आठवत नसेल, आणि मी दोष देत नाही. आपल्यातल्या कोणालाच नंतर आठवलं नाही की नऊ फेब्रुवारी आमच्या प्रेरणाचा वाढदिवस. ती आठ वर्षांची झाली त्या दिवशी. फळा लिहून आले, खाटेवर बसले आणि तिचे फुगे फुगवायला घेतले. चारपाच झाले असतील. मग म्हणाले, समता, जरा पाणी दे. मी पाणी घेऊन आले तर ते आडवे झालेले, आणि प्रेरणा सुटलेला फुगा पकडायला खाटेखाली शिरलेली.

त्यावर ती कधी बोलली नाही. मला वाटलं, लहान आहे, विसरेल. दिवाळीच्या सुट्टीत वेणी घालत होते तर पाठमोरीच म्हणाली, "आई, फुगे मीच मांगतले होते ना वं?" मी सांगितलं, बाबाचं हृदय आधीपासून दुखणाईत होतं, डॉक्टरकाका म्हणाले तसं. तिनं हूं केलं. मी वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली. गाठ रोजच्यासारखी नीट बसली याचीच मला भीती वाटली.

ताई, तुमची दिनदर्शिका आपल्या भागातल्या शाळांत जाते. प्रेरणाच्या शाळेत परिपाठाला त्यातूनच दिनविशेष वाचतात, आणि दिनविशेष झाला की त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल त्याला पुढे उभं करून टाळ्या वाजवतात. नऊ फेब्रुवारीला कोणीतरी पोरगं माइकवर तिच्या बाबाचं मरण वाचेल आणि लगेच तिचं नाव घेईल. म्हणून हे पत्र. तुमच्या भावाला त्या चौकटीत जायचं होतं हे तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे. त्यांना एक जूनला घाला, जयंती म्हणून. तारीख खोटी आहे, तुम्हाला ते जड जाईल, तरी घाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आपण घरी करू, दहा फेब्रुवारीला, बुद्धवंदना घेऊन. नावापुढे 'वऱ्हाडी कवी'च ठेवा. प्रेरणानं काल मला सांगितलं, तिच्या मॅडमना भेटून वाढदिवस यादीतून काढायला सांग, तिला तो नको आहे. मी हो म्हटलंय, पण अजून शाळेत गेलेली नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
तुमचीच
समता