बिनकाजाचा शर्ट

बाबा, तुम्ही मला दिलेल्या त्या माणसाचा उजवा हात यंदाच्या उन्हाळ्यात सुटला. खाली पडला नाही, कारण बाहीनं त्याला धरून ठेवलं आहे, पण वर उचलला की तो लगेच लोंबतो. आतलं इलॅस्टिक कुजलं असणार. ते बदलायचं तर त्याचा पांढरा शर्ट काढावा लागेल, आणि शर्ट काढायचा तर तुमची शिवण उसवावी लागेल. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून आता साठी उलटली तोवर त्या शिवणीला मी हात लावलेला नाही. नागपूरला अशी जुनी खेळणी दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, उघडल्याशिवाय काही होणार नाही. उघडलंत तर पाठीवर कारखान्याचा छापही सापडेल. म्हणजे हा मुळात कोण आहे तेही कळेल." मी त्याला रुमालात गुंडाळून परत पर्समध्ये ठेवला. तो कोण आहे हे मला लहानपणापासून जाणून घ्यायचं आहे, आणि तुमचा टाका मला मोडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा जमवायच्या, हेच इतकी वर्षं मला उमगलेलं नाही.

तो दिवस मला नीट आठवतो. पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा, नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात तो. सगळं पांढुर्णा नदीवर गेलेलं, सावरगावच्या बाजूनं ढोलांचा आणि आरडाओरड्याचा आवाज येतो आहे, बाजार बंद. आई मला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पण तुमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, म्हणून मी मधलं दार ढकलून आत येते. दुकानाच्या फळ्या लावलेल्या, वरच्या एका फटीतून उजेडाची पट्टी पायमशीनवर पडलेली. तुम्ही मशीनवर नाही, खाली सतरंजीवर बसला आहात आणि हातानं काहीतरी शिवता आहात. मला पाहताच ते मांडीखाली सरकवता. "काय पाहून राहिली? जाय, आईले चहा माग माह्यासाठी." चहा घेऊन मी परत येते तेव्हा तो कापायच्या टेबलावर उभा असतो, एक वीत उंच. गोरा चेहरा, हनुवटीला खळी, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा, पायात काळे बूट. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी तुमच्याकडे पांढऱ्या शर्टांची रास पडायची, त्यातल्याच उरलेल्या टेरीकॉटचा शर्ट आणि निळी पँट. "नागपूरहून आणला," तुम्ही म्हणालात. "शिपाई हाय. तुह्यावर लक्ष ठेवीन." मी विचारलं की याचं नाव काय. तुम्ही दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, "त्यालेच विचार."

कॉन्व्हेंटमधल्या मुलींकडे सोनेरी केसांच्या बाहुल्या होत्या, निजवलं की डोळे मिटणाऱ्या. माझ्याकडे हा. एकजण म्हणाली, हे तर मुलांचं खेळणं. मी इंग्रजीत सांगितलं की तो गार्ड आहे आणि ड्युटीवर असल्यामुळे बसत नाही. तो खरंच बसत नसे. गुडघे वाकत नसत, कंबर वळत नसे, फक्त हात खांद्यातून वरखाली होत. तरी मला तो फार आवडायचा. पुढच्या मे महिन्यात मला वाटलं, याला आंघोळ घालावी. शर्टाची बटणं काढायला गेले तर ती निघेनात. बटणं होती, काजं नव्हती. नुसती वरून टाकलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी चार बटणं. म्हणून मी शर्ट खालून वर ओढायला लागले आणि तुम्ही मशीन थांबवलीत. "हात लावू नको म्हटलं नं! कपडे काढाचे नाईत त्याचे!" तुम्ही माझ्यावर असे ओरडलात ते तेवढंच. समोर माप द्यायला आलेले एक काका हसले, "काहून जी, पोट्टीवर कायले चिडता?" मग तुम्ही आवाज उतरवलात. "थंडी वाजते त्याले." मे महिना होता, बाबा. पांढुर्ण्याचा मे महिना. मी मान डोलावली, आणि त्यानंतर खरंच कधी हात लावला नाही.

सौंसरला लग्न होऊन आले तेव्हा तो माझ्या ट्रंकेत होता. शाळेत शिकवत होते तोवर अशी माणसं जमवायची आवड दबून राहिली, निवृत्तीनंतर वाढली. आता आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात अशी चाळीसेक माणसं उभी आहेत. शिपाई, पहिलवान, अंतराळात जाणारे, मुखवटे घातलेले, एक पाणबुड्या. तुमचे जावई रोज पेपर वाचताना त्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, "आपल्या घरातले मतदार वाढून राहिले. एखादा उभा करावा." मी पिशवी घेऊन निघाले की विचारतात, "आज कोणता पाहुणा आणता?" सौंसरच्या बाजारातले सगळे जनरल स्टोअरवाले मला ओळखतात. मी पाकिटावरून अंगठा फिरवत आधी गुडघे पाहते, मग कोपर, मग कंबर. नव्या दुकानात विचारतात, "नातवासाठी का, आजी?" आणि मी हो म्हणते, कारण खरं सांगितलं तर चेहरे बघवत नाहीत. नागपूरच्या मॉलमध्ये एका मुलीनं मला विचारलं, "मॅम, विच कॅरेक्टर?" तिला काय सांगणार, की ज्याचं नाव मला माहीत नाही तोच मला हवा आहे? या हिंडण्यामागचं कारण खरं तर एकच होतं. मला याचा जुळा हवा होता. त्याच साच्यातला, तीच खळी, तोच मोठा डोळा, पण कपडे निघणारा. त्याची पाठ वाचली की याची वाचायची गरज नाही. शिवण तशीच राहील. तुमच्या माणसाला पर्समध्ये घेऊन मी रविवारच्या फूटपाथवर पसरलेल्या भंगारात बसले आहे, तिगावला एका लग्नाला गेले तर तिथली दोन दुकानं पाहून आले आहे. असा खेळण्याचा शोध घेणाऱ्या बाईकडे लोक जसं बघतात तसं बघून घेतलं आहे. हात सुटल्यापासून मात्र घाई झाली होती. इलॅस्टिक एका बाजूनं गेलं की दुसरी बाजू फार दिवस धरत नाही, असं ते नागपूरचे गृहस्थ म्हणाले होते.

आणि मागच्या आठवड्यात तो मोहगावला सापडला. तिथे एक जुनं कटलरीचं दुकान आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई ते चालवते. बांगड्या, रिबिनी, कंगवे. मी विचारल्यावर ती म्हणाली, "खेळणे नाई ठेवत मी. पण थांबा, एक जण हाय वर." स्टुलावर चढून तिनं माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. "माह्या सासऱ्यानं कधीचा आणला होता. नागडा हाय म्हणून समोर ठेवत नाई. बायापोरी येतात दुकानात." तिनं पदराआड धरूनच तो मला दिला. मी खळी पाहिली, डोळा पाहिला. तिनं आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी पर्समधून आपला काढला आणि दोघांना काउंटरवर शेजारी उभं केलं.

चेहरा तोच. पण तिचा बोटभर उंच. त्याची कंबर गर्रकन वळली. गुडघे वाकले. तो काउंटरच्या कडेवर चक्क बसला, पाय खाली सोडून, आणि आपला त्याच्या बाजूला ताठ उभा. ती बाई दोघांच्या छातीवर नखानं टकटक करत म्हणाली, "हा पोकळ हाय. तुमचा भरीव. तुमचाच चांगला हाय, मॅडम." मी पुन्हा वाजवून पाहिलं. तिच्या माणसाचा आवाज रिकाम्या डबीसारखा, आपल्याचा लाकडासारखा. त्या गोंगाटी बाजारात मी ती टकटक कितीदा केली कोण जाणे. तिच्या माणसाच्या पाठीवर छापही होता. एक आकडा आणि एक अक्षर, बस. नाव नाही, गाव नाही. इतकी वर्षं जे वाचायला हिंडले ते वाचून झालं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. मला आता फक्त ती चार बटणं दिसत होती. बाबा, तुम्ही बाळाच्या झबल्यालासुद्धा हातानं काज करायचात. आई म्हणायची, बाळ काय बटण लावणार आहे का, तर तुम्ही म्हणायचात, "काज नाई तर बटण कायले?" त्या माणसाला तुम्ही काजं का केली नव्हती हे मला तिथं, बांगड्यांच्या दुकानात, स्टुलावर बसून कळलं. तो शर्ट कधीच उघडायचा नव्हता.

तिचा मी घेतला नाही. "हा तो नाही," असं सांगितलं. "पाहा बाई, मले तर सारखेच दिसतात," ती म्हणाली आणि डब्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीपाशी बसून मी उजव्या काखेपासून कमरेपर्यंत तुमची शिवण उसवली. ब्लेडनं, एकेक टाका. आत एक आडवं लाकडी रीळ आहे, खांद्याच्या जागी, आणि त्याखाली एक उभं. दोऱ्याची रिकामी रिळं. आडव्याच्या भोकातून इलॅस्टिक गेलेलं, तेच दोन्ही हातांना धरून होतं. वर कापडाच्या पट्ट्या गुंडाळून छाती केलेली, इतकी सारखी की बोटाला कुठे उंचवटा लागत नाही. त्याचे तुम्हाला फक्त डोकं, पंजे आणि बूट मिळाले होते ना? कुठे मिळाले? कोणी फेकलेले होते की फुटका माणूस तुम्ही मागून घेतलात? अंगाचं माप कशावरून काढलंत, पूर्ण माणूस तुम्ही कधी पाहिला तरी होता का? मला वाटतं नसावा, म्हणून बोटभर कमी पडला. सुटलेल्या हातावरची पट्टी सैल झाली होती, ती जरा सरकवली तर खाली, हाडाच्या जागी, पेन्सिलीचा तुकडा. पिवळी पेन्सिल. तिच्यावर दातांच्या खुणा आहेत. मी वर्गात पेन्सिली चावायचे आणि बोटभर उरल्या की फेकून द्यायचे, हे तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मी तो तुकडा ओठांशी नेला. दात आता तसे बसत नाहीत, अर्थातच.

नवं इलॅस्टिक ओवलं. हात वर राहतो. आता शिवण घालायची राहिली आहे, आणि इथेच गाडी अडली आहे. कापड अंगावर असताना, उलटं न करता, टाका आत कसा लपवायचा? तुम्ही मला तो शिकवायला बसला होतात, मी बारा-तेरा वर्षांची असेन. मला सिस्टरनी दिलेलं इंग्रजी पुस्तक वाचायचं होतं. मी दोनदा नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "येतं मला." तुम्ही करून दाखव म्हणाला नाहीत. उलट गिऱ्हाइकांना सांगत राहिलात, "माह्या पोरीले येते लपता टाका. एकदा पाह्यला आन् आला." मी बाजूला उभी राहून ऐकायचे आणि पुढे कधीच दुरुस्त केलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला कळतं, पण पाठवता आलं असतं तरी हा परिच्छेद मी फाडून ठेवला असता. मला तो येत नव्हता, बाबा. अजून येत नाही. सध्या त्याच्या शर्टाला सेफ्टी पिन लावून ठेवली आहे.