फवाऱ्याखालची खुर्ची

२ मार्च

आलो एकदाचे! गिरणीच्या मागेच दोन खोल्या मिळाल्या. नळाला दिवसभर पाणी, आणि बाबांना चढायला एकही पायरी नाही. सामान लावताना बाबा म्हणाले, तुझ्या आईने ही जागा बघितली असती तर आधी खिडकीला नावं ठेवली असती. आई जाऊन सहा वर्षं झाली. आता तिच्यावरून आम्हाला हसता येतं. उद्यापासून मी सूतगिरणीत तपासनीस.

५ मार्च

काम आवडलं. तासातासाला प्रत्येक यंत्रावरची सूत गुंडाळलेली एक बॉबिन आणायची, सूत मोजायचं, वजन करायचं, धागा किती वेळा तुटला ते लिहायचं. हवा कोरडी झाली की धागा पटापट तुटतो, म्हणून छताखालच्या नळ्यांमधून दिवसभर पाण्याचे बारीक तुषार उडत असतात. ते पाणी तळघरातल्या टाकीतून वर येतं. ती टाकी सांभाळणारे फिटरकाका भारी मिश्कील. म्हणे, इथला पाऊस माझ्या पान्यावर चालतो.

८ मार्च

बाबा खोलीत कंटाळतात, शिवाय पत्र्याखाली नुसती भट्टी. मॅनेजरसाहेबांना विचारलं, तर माणूस लाखाचा निघाला. म्हणाले, बसू दे की आत. फवाऱ्याखाली जिथे सगळ्यात गार वाटतं तिथे मीच खुर्ची मांडून दिली. बाबा रिकाम्या बॉबिना रंगाप्रमाणे लावत बसले. म्हणाले, पोरीने म्हातारपणी थंड हवेच्या ठिकाणी आणलं.

१२ मार्च

फिटरकाका आले नाहीत. ताप आणि खोकला. यंत्रावरची एक बाई बोलून गेली की माझ्या आधीची तपासनीसही छातीच्या दुखण्यानेच गेली. कुठे गेली, हे विचारायचं राहिलं. कापसाची धूळ असेल. मी तोंडाला फडकं बांधते आता.

१५ मार्च

बाबांनी सदरा उलटा घातला. मला आईच्या नावाने हाक मारली आणि वर म्हणाले, पाहुणे यायच्या आत आवरून घे. साठी बुद्धी नाठी, म्हणून मी हसले. कपाळाला हात लावला, गारच होतं. खोकलाही नाही. हात धरून नेलं आणि रोजच्या खुर्चीत बसवलं.

१६ मार्च

दुपारी बाबा खुर्चीतच कलंडले. नखं निळसर. श्वास भराभर, उथळ. मी घड्याळ लावून मोजले, मिनिटाला चौतीस. जीव मुठीत धरून दवाखाना गाठला.

न्यूमोनिया. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला. निरोगी फुप्फुस हवेने भरलेलं असतं, म्हणून फोटोत काळं दिसतं. बाबांचं उजवं खालून अर्धं पांढरं. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात, त्या आता पाण्याने आणि पुवाने भरल्यात, असं त्या म्हणाल्या. छाती हलते, हवा आत जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. कोरड्या जमिनीवर माणूस बुडतो.

ताप नव्हता हो, मी सारखी सांगत होते. त्या म्हणाल्या, म्हातारपणी पुष्कळदा ताप चढतच नाही. माणूस नुसता असंबद्ध बोलायला लागतो.

मी हसले होते.

१८ मार्च

समोरच्या खाटेवर फिटरकाका होते. आज सकाळी गेले. शेवटी मासा तोंड उघडतो तसं—

दोघं एकाच गिरणीतले कळल्यावर डॉक्टरीणबाई थबकल्या. पाण्याचं काय काम चालतं, विचारलं. एक जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. माणसापासून माणसाला सहसा होत नाही. पाण्याच्या बारीक थेंबांबरोबर थेट छातीत उतरतो. त्यांनी बाबांचं औषध लगेच बदललं.

मी तडक तळघरात गेले. टाकीचं झाकण सरकवलं. पाणी कोमट. कडेच्या बुळबुळीत थरात बोट पेरभर रुतलं. कितीतरी वेळ मी त्यावर ओणवी होते. मग जोर लावून नळ बंद केला.

वर धागे तुटायला लागले. मॅनेजरसाहेब धावत आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, हा माल जाऊ दे, मग टाकी धुऊ. माझ्यासमोर त्यांनी नळ उघडला. मग डॉक्टरीणबाईंना फोन: फवारे बंद केलेत, टाकी धुतलीय. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

२२ मार्च

सकाळपासून हुडहुडी. डोकं ठणकतंय. फवारे अजून चालूच आहेत हे सांगायचंय, पण डॉक्टरीणबाई चार दिवस परगावी, उद्या येतील. बाबांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास मोजते— सव्वीस. मग माझे मोजले.

अठ्ठावीस.

२३ मार्च

मला खाट दिली, फिटरकाकांची. माझ्या फोटोत दोन्ही बाजू पांढऱ्या. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. मुखवटा काढून फवाऱ्यांचं सांगायला गेले तर— दम पुरेना. डॉक्टरीणबाईंनी थोपटलं. म्हणाल्या, फवारे बंद आहेत ना, आता कशाला काळजी.

बंद नाहीत. लिहून दाखवायला हवं. नवं पान उघडते— डोळ्यांपुढे—

२५ मार्च

झोपेत होते की बेशुद्ध, कळत नाही. बाबा बरे! माझ्या नावाने हाक मारली. सदरा सुलट.

श्वास घेताना बरगडीत सुरी. चाळीस. मग मोजायचं सोडलं.

२६ मार्च. दुपार

बाबांना घरी सोडताहेत. डॉक्टरीणबाई दुसऱ्या वॉर्डात. मॅनेजरसाहेब स्वतः न्यायला आलेत, गाडी घेऊन. भला माणूस, बाबा म्हणतात.

खोलीत एकटे उकडून जाल, साहेब म्हणाले. तुमची खुर्ची ठेवलीय जागच्या जागी.

बाबा हसले. म्हणाले, पोरगी बरी होईस्तोवर तिथेच बसतो. तेवढंच गार.

मी हात हलवला. त्यांना वाटलं निरोप घेतेय— त्यांनीही हलवला—

आवाज नाही. वही दाखवायची. मोठ्या अक्षरात.

बाबा तिथे बसू नका

बाबा थांबा, दारातून मागे बघा, ते पाणी अजून तसंच— तुमच्या छातीत तेच— बाबा इकडे बघा, बा