आढं कोणाचं

पोर्ट ऑर्डाल, ९ ऑगस्ट १८१५

चिरंजीव टॉर्कल यास,

इनव्हरनेसच्या तुरुंगातून लिहिलेलं तुझं पत्र आठव्या दिवशी पोचलं. इकडे किनाऱ्यावर सगळे जगून आहेत. काळी गाय अजून दूध देते. इथलं गवत खाऊन ते खारट लागतं, पण देते. तुला खोकला आहे म्हणतोस. छातीला लोकर बांध. आम्हाला हुसकून मेंढ्या आणल्या, आता खोऱ्यात लोकरीला तोटा नाही.

हेक्टरबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. बरं केलंस.

तुझी विनंती वाचली. छप्पर जमीनदाराचं होतं, एवढंच मी जबानीत सांगावं. म्हणजे मालकाच्या माणसानं मालकाचंच घर जाळलं, त्यात गुन्हा कसला! जमीनदाराच्या कारभाऱ्यानं तुला चांगलं पढवलंय. पण आपल्याकडे भिंती जमीनदाराच्या आणि लाकूड कुळाचं, हे शेंबडं पोरही जाणतं. घर सोडताना माणसं आढं-वासे खांद्यावरून नेतात. आम्हीही नेणार होतो. हेक्टर तापानं हुडहुडत होता, म्हणून दोन दिवस मागितले होते.

तू पलिता घेऊन आत वाकलास, तेव्हा तो म्हणाला, "टॉर्कल, आधी मला तरी बाहेर काढ."

तू म्हणालास, "दाजी, थंडी वाजते म्हणत होतात ना?"

मी एकटीनं त्याला ओढत बाहेर आणलं. चौथ्या दिवशी मेंढ्यांच्या कोंडवाड्यात तो गेला.

मंगळवारी शेरीफच्या कोर्टाचा कारकून जबानीला आला.

"आढं कोणाचं, बाई?"

"माझं."

"कशावरून?"

"ज्यानं जाळलं, त्यानंच दलदलीत गाडलेलं ते जुनं खोड माझ्या लग्नात उकरून दिलं होतं."

तरी त्यानं "जमीनदाराचं छप्पर" असंच इंग्रजीत लिहिलं. बाईला काय वाचता येतंय, असं त्यानं धरलं होतं. बायबलच्या ओळींवर बोट फिरवत इंग्रजी शिकायला मला अकरा हिवाळे लागले. मी त्याला ती ओळ खोडायला लावली आणि मगच सही केली.

कायद्यात याला बुद्धिपुरस्सर आग उठवणे म्हणतात. शिक्षा फाशी.

कारभारी तेव्हा बाहेर घोड्यावर होता. त्याचा हुकूम मी ऐकला नाही, तू ऐकलास. जे ऐकलं नाही ते मी सांगणार नाही. त्याचं नाव घेतलंस तर त्यानं तुला कबूल केलेली जमीन जाईल, पण फासापाशी सोबत मिळेल. नाही घेतलंस तर एकटा चढ.

मला दोघंही हवे आहात. एकावर भागवून घेईन.

तुझी थोरली बहीण,
हेक्टरची विधवा मर्सली