कोपर वर

१२ जानेवारी

व्हर्लिन डोस्टलची नात आज माझ्या क्लासच्या शेडमध्ये उभी होती!

ब्रिटा. चौदा वर्षांची, उंच, हातापायांनी लांबलचक. तिची आई जोलीन घेऊन आली. म्हणाली, "लोर्ना, हिचा खांदा ऑक्टोबरपासून दुखतोय. हिला दुसऱ्या कुणाकडे जायचंच नव्हतं, तुझ्याकडेच शिकायचं होतं." मी हो म्हणाले. का म्हणाले, ते त्या बाईला कळायचं कारण नाही.

इथे लिहायला हरकत नाही. मी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर होते, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि व्हर्लिन डोस्टल आमचे कोच. हात पूर्ण गोल फिरवायचा, मांडीजवळ चेंडू सोडायचा आणि मग कोपर वर काढून समोर झेलणाऱ्या कॅचरला दाखवायचं. "कोपर वर, लोर्ना! कॅचरला कोपरानं हॅलो कर!" दिवसातून दोनशे वेळा. चार वर्षं. एकोणिसाव्या वर्षी माझा खांदा गेला. दोन ऑपरेशनं झाली, कॉलेजच्या संघानं निरोप दिला. आणि कोचनी गावच्या पेपरात काय सांगितलं? "मुलगी गुणी होती, पण दम नव्हता." पंचवीस वर्षं झाली. कॅफेत अजून कुणीतरी ते वाक्य काढतंच.

१४ जानेवारी

ब्रिटाचं शूटिंग केलं, अगदी संथ गतीचं. एकेक चित्र थांबवून पाहिलं.

कोपर वर! चेंडू सुटायच्या आधीच कोपर वर खेचायला लागते. त्यामुळे कोपराखालचा हात वळतच नाही आणि सगळा ताण खांद्यावर येतो. मोठमोठ्या पिचर्सचे हात मी असेच थांबवून पाहिलेत. एकीचंही कोपर असं जात नाही. हात कमरेला घासतो, आतल्या बाजूला वळतो आणि सैल पडतो. जुने कोच डोळ्यांवर विसंबले आणि जे दिसल्यासारखं वाटलं ते पोरींना शिकवत बसले. म्हणून तर मी अकरा वर्षं कॅमेऱ्यामागे उभी आहे.

पोरीचा हात पाहून वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. त्यांची सही सापडली मला, त्यांच्याच नातीच्या हातावर.

१५ जानेवारी

ठरलं. १६ फेब्रुवारीला लिंकनला राज्यभरच्या कोचांचा मेळावा आहे. त्यात डोस्टलना मानाची पाटी देणार आहेत आणि त्यानंतर अर्धा तास माझा आहे, "संथ चित्रणातून चुका कशा पकडाव्यात" यावर. मी ब्रिटाचा हात दाखवणार. पडद्यावर, भिंतीएवढा.

तोवर तो हात असाच राहायला हवा. महिन्याभरानं ताजं चित्रण घेईन. आत्ता सुधारला तर दाखवू काय?

१९ जानेवारी

ब्रिटानं विचारलं, "कोच, माझं काही चुकतंय का?"

म्हटलं, "छान चाललंय. पायाकडे लक्ष दे."

साठ चेंडू टाकले तिनं. जाताना कोट घालायला डावा हात वापरला. उजवा वर जाईना.

२० जानेवारी

मॅर्ना झेलेनीनं क्लास सोडला. खांदा दुखतो म्हणे. तिच्या आईला स्पष्ट सांगितलं, पोरीत दम नाही. हल्लीच्या पोरींना सगळं आयतं हवं असतं.

२३ जानेवारी

ब्रिटाला आज तीसच चेंडू दिले. थंडी फार आहे, असं सांगितलं.

२७ जानेवारी

ते आले! स्वतः! जोलीनला काम होतं म्हणून नातीला घेऊन आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. हातात कोलाच्यांचा, खसखस भरलेल्या गोड पावांचा डबा, बायकोनं दिलेला. पालथी बादली ओढली आणि त्यावर बसून नातीचे चेंडू झेलायला लागले. माझे बाबा बसायचे तसेच. डोक्यात तिडीक गेली.

"शेड छान केलंयस गं," म्हणाले. "स्टोव्ह बसवलास. आम्ही कुडकुडायचो नाही का?"

मी म्हटलं, "हिचा हात बरोबर तुमच्यासारखा जातो, कोच."

ते हसले. "माझ्यासारखा? मी हिला काही शिकवलेलं नाही पोरी. बारा वर्षं झाली शिकवणं सोडून. मी नुसता झेलायला बसतो."

खोटारडा! इतक्या वर्षांनी तरी कबूल करावं. कोपर वर जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहतेय. जाताना ते दारात घुटमळले. "लोर्ना, तुझ्या खांद्याचं..." एवढं म्हणाले आणि थांबले. मी स्टोव्हमध्ये लाकूड सारत राहिले. त्यांचं उरलेलं वाक्य मला नको होतं.

कोलाचे कुत्र्याला घातले.

५ फेब्रुवारी

ब्रिटा खांद्यावर बर्फ बांधूनच आली. म्हणाली, "आईला सांगू नका, ती मला खेळू देणार नाही." घरी पाठवायला हवं होतं. वीस चेंडू टाकून घेतले, शूटिंगसाठी. अकरा दिवस उरलेत, मग सगळं नीट करून देईन. अगदी मुळापासून. मीच करून देईन.

१६ फेब्रुवारी

झालं.

दोनशे कोच होते. डोस्टलना पाटी मिळाली, सगळे उठून उभे राहिले. मीही राहिले. मग माझी पाळी. ब्रिटाच्या हाताचं चित्रण लावलं, चेहरा न दाखवता. कोपर वर येताना चित्र थांबवलं. सभागृहात हळहळ. मागून कुणीतरी ओरडलं, "कुठल्या गाढवानं शिकवलंय हे?"

मी या प्रश्नाचीच वाट पाहत होते. म्हटलं, "ही श्री. डोस्टल यांची नात आहे."

डोस्टल मांडीवरची पाटी न्याहाळत बसले. माझ्या हातापायांत बळ आलं! पंचवीस वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

मग तिसऱ्या रांगेतून ब्रिटा उठली. आजोबांचा सत्कार पाहायला आली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा हात पोटाशी धरून बाहेर गेली.

१७ फेब्रुवारी

जोलीनचा फोन आला. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुला ठाऊक होतं ना, हाताला काय होतंय ते? पाच आठवडे ठाऊक होतं?"

मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना विचार, कुणी शिकवलं ते.

ती म्हणाली, "तूच शिकवलंस. काउंटीच्या जत्रेत तू पोरींना पिचिंग दाखवायचीस, ती तेव्हा आठ वर्षांची होती. तीन उन्हाळे पहिल्या रांगेत बसली. घरी आरशासमोर तुझ्यासारखं करायची. अगदी तुझ्यासारखं."

फोन ठेवला तिनं. मी पोरींना सांगते ते वेगळं आहे. हात सैल सोडा, हेच सांगते मी. अकरा वर्षं हेच सांगतेय.

१८ फेब्रुवारी

सकाळी कॅमेरा स्टँडवर लावला आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मुलींना दाखवते तसेच हळू वीस चेंडू टाकले. मग एकेक चित्र थांबवून पाहिलं.

वीसही वेळा कोपर वर.

वहीत मी शिकवलेल्या एकशे अडतीस मुलींची नावं आहेत. पहिला फोन मॅर्नाच्या आईला करायला हवा. तिला मी काय म्हणाले होते ते मला पाठ आहे.